काजू नको, तर्री पायजे
मटणाविना सावजी, म्हणजे आपला नागपुरी झणझणीत रस्सा, कसा करायचा यावरच्या लेखात सोयाबीनच्या वड्या नुसत्या भिजवून रस्स्यात सोडा म्हटलंय, आणि दाटपणाला काजूची पेस्ट. काजू? अरे बाप्पा! सावजीला दाटपणा येतो भाजलेल्या सुक्या खोबऱ्यानं आणि खसखशीनं. काजू घातला की लग्नातला कुर्मा झाला.

मटण सोडून तीन वर्षं झाली, सुरुवातीला माझ्याही वड्या ओल्या स्पंजासारख्या लागायच्या. मिठाच्या पाण्यात उकळायच्या, गार पाण्यातून काढून दोनदा घट्ट पिळायच्या, म्हणजे तो उग्र वास जातो. मग आलं-लसूण चोळून अर्धा तास ठेवायच्या आणि कडा लाल होईस्तोवर तेलात परतायच्या. रस्स्यात शेवटची दहा मिनिटंच. खरी उणीव भासते ती चरबीची. तिथं जवसाचं तेल कामी येतं. हलबा कोष्टी या विणकर समाजाच्या घरांमधला जुना सावजी त्याच तेलातला. आणि दगडफूल विसरलात तर पुढचं सगळं फुकट.

उन्हाळ्यात नागपूरच्या कॉटन मार्केटात कच्चा फणस दिसला की मी वड्यांकडे बघतही नाही. (चिरताना हाताला तेल लावा, चीक निघता निघत नाही.)

बाकी लेखात पाटोडी रस्सा कसा काय सुटला? बेसनाची पाटोडी, तोच झणझणीत रस्सा, ना दूध ना तूप. श्रावणात घरी मटण बंद असलं की आजी हेच करायची, सोबत ज्वारीची भाकर आणि कांदा.