कागदावरची उद्दिष्टे आणि ब्युरेटचे वाचन: एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

रसायनशास्त्राच्या पदवीची उद्दिष्टे स्पष्ट शब्दांत लिहिली जावीत, असे मी मागील लेखात म्हटले होते. त्यावर आपण सविस्तर आणि परखड प्रतिक्रिया लिहिलीत, याबद्दल मनापासून आभार. इतर वाचकांसाठी आपले म्हणणे थोडक्यात सांगते. अभ्यासक्रमाच्या पहिल्या पानावरची अध्ययन-निष्पत्तीची (शेवटी विद्यार्थ्याला काय यायला हवे, याची) यादी ‘नॅक’च्या (महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या) समितीला दाखवण्यापुरती असते, आपल्या काळी अशी यादी कोणी केली नव्हती, तरी सॉल्ट अ‍ॅनालिसिसच्या (अज्ञात क्षारातले घटक ओळखण्याच्या) परीक्षेतून तावून-सुलाखून निघालेली मुले साखर कारखान्यांच्या प्रयोगशाळा सांभाळू लागली, अंतर्गत गुणांनी मूल्यमापन सैल केले, आणि सीमाभागातल्या मराठी माध्यमाच्या मुलांची खरी अडचण इंग्रजी असताना मी तिच्याविषयी एक ओळही लिहिली नाही. आपण बेळगाव जिल्ह्यातल्या चिकोडी भागातील एका कारखान्यात तीस वर्षे केमिस्ट होतात, हेही आपण लिहिले आहे, आणि म्हणूनच हे आक्षेप मला वरवरचे वाटत नाहीत.

पहिला आक्षेप बऱ्याच अंशी खरा आहे. कर्नाटकाने २०२१-२२ मध्ये चार वर्षांच्या पदवीची रचना स्वीकारली आणि २०२४-२५ पासून पुन्हा तीन वर्षांची पदवी आणली. दोन्ही वेळा आमच्या महाविद्यालयात निष्पत्तीच्या याद्या नव्याने लिहिल्या गेल्या, प्रयोग परीक्षेतला प्रश्न मात्र होता तोच राहिला. परंतु यातून उद्दिष्टेच निरर्थक आहेत असा निष्कर्ष निघत नाही. शैक्षणिक उद्दिष्टांच्या ज्या वर्गवारीतली क्रियापदे उचलून आज या याद्या भरल्या जातात, ती बेंजामिन ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये प्रसिद्ध केली, आणि तिची सुरुवात झाली ती १९४८ मध्ये महाविद्यालयीन परीक्षकांच्या एका बैठकीतून. आपण नेमके काय तपासतो, हा त्या परीक्षकांपुढचा प्रश्न होता. आपण यादी घेतली आणि तो प्रश्न सोडून दिला. ज्या उद्दिष्टासाठी परीक्षेत एकही गुण राखलेला नाही, ते उद्दिष्ट मुलांच्या दृष्टीने अस्तित्वातच नसते, आणि मुलांचे काही चुकत नाही.

याचे रोज दिसणारे उदाहरण म्हणजे अनुमापन: ब्युरेट या खुणा केलेल्या नळीतून एक द्रावण थेंबाथेंबाने दुसऱ्यात सोडून, अभिक्रिया पूर्ण व्हायला ते किती लागले हे मोजणे. ‘अचूक मापन करून त्याची विश्वासार्हता सांगता येईल’ असे उद्दिष्ट जवळपास प्रत्येक अभ्यासक्रमात कोणत्या ना कोणत्या शब्दांत असते. प्रत्यक्षात मुलगा जर्नलमध्ये तीन वाचने लिहितो: ९.८, ९.८, ९.८. ब्युरेटवर ०.१ मिलिलिटरची खूण असते, सुरुवातीच्या आणि शेवटच्या वाचनात नजरेची थोडी थोडी चूक धरली तरी दहा मिलिलिटरमागे एक टक्क्यापर्यंत फरक पडू शकतो, त्यामुळे प्रत्येक बाकावर तिन्ही वाचने तंतोतंत जुळणे संभवत नाही. एका वर्षी एका मुलीच्या कच्च्या वहीत मला ९.६, ९.९, ९.८ असे आकडे दिसले. पक्क्या जर्नलमध्ये मात्र तिन्ही ठिकाणी ९.८ होते. विचारल्यावर ती म्हणाली, ‘‘मॅडम, सी.बी.आर. सारखं आलं नाही तर मार्क जातात.’’ सी.बी.आर. म्हणजे स्थिर ब्युरेट वाचन. बदलणारे आकडे स्थिर करून दाखवायला आम्हीच तिला शिकवले होते, आणि त्या जर्नलला मीही पूर्ण गुण दिले होते. त्यानंतर मी अंतर्गत परीक्षेची गुणविभागणी बदलली: प्रत्येकाला वेगळ्या संहतीचे द्रावण, पेन्सिलीला मनाई, कच्च्या नोंदीवरच सही, आणि निम्म्याहून अधिक गुण नोंदीला व वाचनांतील फरकाच्या स्पष्टीकरणाला. पहिल्या सत्रात सरासरी गुण उतरले, पालकांचे फोन आले. तरीही ही विभागणी मी सोडलेली नाही.

आता सॉल्ट अ‍ॅनालिसिसबद्दल. त्या पद्धतीविषयी आपल्याला जो आदर आहे, तो मलाही आहे. आम्लयुक्त द्रावणात हायड्रोजन सल्फाइड सोडल्यावर तांबे आणि कॅडमियम खाली बसतात, जस्त आणि मँगनीज मात्र अमोनियायुक्त द्रावणापर्यंत थांबतात. कारण आम्लात सल्फाइड आयनांची संहती इतकी कमी असते की केवळ अतिशय अल्पविद्राव्य सल्फाइडांचाच अवक्षेप मिळतो. समआयन परिणाम (द्रावणात आधीच असलेल्या सारख्या आयनामुळे आयनीभवन दबणे) आणि विद्राव्यता गुणाकार (आयनांच्या संहतीची जी मर्यादा ओलांडल्यावर अवक्षेप मिळतो ती) या दोन्ही कल्पना त्या एका परीक्षानळीत प्रत्यक्ष दिसतात, आणि एकेक शक्यता बाद करत उत्तरापर्यंत पोहोचण्याची शिस्त लागते, तीही मोलाची. परंतु आपल्या काळीही गुण कशाला होते? मूलके (क्षारातले आयन) बरोबर ओळखण्याला. ज्याने गट कसे वेगळे होतात ते समजून तांबे ओळखले आणि ज्याने निळा रंग पाहून ओळखले, त्या दोघांना सारखेच गुण मिळत. आपण ज्या केमिस्ट मंडळींची आठवण काढता ते उत्तम शिकले, यात शंका नाही. पण जे त्याच वर्गात बसले आणि काहीच न समजता पदवी घेऊन गेले, त्यांचा हिशेब त्या परीक्षेने कधी ठेवला नाही.

आपल्याच कामातले उदाहरण घेते. उसाच्या रसाचे ‘पोल’ (पोलॅरिमीटरने मोजलेले साखरेचे प्रमाण) आपण आयुष्यभर पाहिले. आमच्याकडे विशिष्ट प्रकाशीय घूर्णनाची (पदार्थ ध्रुवित प्रकाशाची दिशा किती फिरवतो, या मापाची) व्याख्या मुले घडाघडा लिहितात, पण ते मोजणारा पोलॅरिमीटर कपाटात असतो. सुक्रोजचे घूर्णन अधिक ६६.५ अंश, ग्लुकोजचे अधिक ५२.७ आणि फ्रुक्टोजचे उणे ९२ च्या आसपास. म्हणून साखरेचे अपघटन होऊन ग्लुकोज-फ्रुक्टोजचे समान भागांचे मिश्रण तयार झाले की घूर्णन उणे २० च्या जवळ जाते. तोडलेला ऊस गाळपाविना पडून राहिला की साखरेचा उतारा का घटतो, याच्या कारणांतले एक मोठे कारण हेच अपघटन आहे, हे आमच्या भागातल्या शेतकऱ्याच्या मुलाला घरचे उदाहरण म्हणून कळते. लुडविग विल्हेल्मी यांनी १८५० मध्ये अभिक्रियेचा वेग पहिल्यांदा मोजून गणितात मांडला, तोही आम्लातील साखरेच्या याच अपघटनावर, पोलॅरिमीटर वापरून. म्हणून मी असा प्रश्न काढते: ठरावीक वेळांची वाचने दिली आहेत, वेगस्थिरांक काढा, पाणी भाग घेत असूनही ही अभिक्रिया प्रथम कोटीसारखी (वेग फक्त साखरेच्या संहतीवर ठरत असल्यासारखी) का वागते ते सांगा, आणि कोणते वाचन संशयास्पद वाटते ते कारणासह लिहा. पाठांतराने याचे उत्तर येत नाही.

अंतर्गत गुणांची खिरापत वाटली जाते, ही तक्रार मी नाकारत नाही. प्रत्येक गुणामागे शिक्षकाचे एका ओळीचे लेखी कारण असावे, एवढे बंधनही पुष्कळ फरक पाडेल असे मला वाटते.

आणि इंग्रजी. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या आतल्या गावांतून मराठी माध्यमात एसएसएलसी (दहावी) करून आलेला मुलगा पीयूसीला (अकरावी-बारावीला) एकदम इंग्रजीत पडतो, आणि पदवीपर्यंत त्याने जगण्याची एक युक्ती शोधलेली असते: वाक्ये पाठ करणे. सोडियम हायड्रॉक्साइडचे द्रावण नुसते वजन करून अचूक का बनवता येत नाही, या प्रश्नाला अशाच एका मुलाने उत्तरपत्रिकेत ‘ते प्राथमिक मानक नाही’ (म्हणजे वजन करून थेट अचूक द्रावण करता येईल असा पदार्थ नाही) एवढेच पाठ केलेले इंग्रजी वाक्य लिहिले. तोंडी परीक्षेत मी मराठीत विचारले तेव्हा तो म्हणाला, ‘‘ते हवेतलं पाणी ओढतंय, कार्बन डायऑक्साइडपण घेतंय, मग वजन खोटंच पडणार की.’’ रसायनशास्त्र त्याला येत होते, आणि आमची परीक्षा ते पाहू शकत नव्हती. म्हणून तोंडी परीक्षा विद्यार्थ्याच्या भाषेत, मराठीत किंवा कन्नडमध्ये, घ्यावी आणि इंग्रजीत शास्त्रीय अहवाल लिहिणे हे वेगळे उद्दिष्ट मानून ते वेगळे शिकवावे व वेगळे तपासावे, असे माझे मत आहे. इंग्रजी टाळावी असे मी म्हणत नाही; पुढच्या नोकरीत ती लागणारच आहे. पण एका उणिवेचे गुण दुसऱ्या विषयाच्या खात्यातून कापणे अन्यायाचे आहे, आणि हा मुद्दा मी मूळ लेखातच मांडायला हवा होता.

एक विनंती करते. पोलॅरिमीटरच्या प्रश्नातली वाचने मी आपल्याला पाठवीन. त्यांतले कोणते वाचन आपण कारखान्यात ग्राह्य धरले नसते आणि का, ते कळवाल तर आदर्श उत्तर मी त्यावरून पक्के करीन.