ज्यांचे डबे आमच्याकडे राहिले होते

काल भाऊबीज झाली. जेवणं आटोपल्यावर पान लावता लावता आत्या म्हणाली, "जे होतं ते चांगल्यासाठीच होतं गं. बघ, धाकट्याच्या आजारपणाच्या निमित्ताने सगळे किती जवळ आलात." सणासुदीला मोठ्यांना उलट बोलू नये म्हणून गप्प बसले. इथे मात्र लिहिते, कारण आत्या फेसबुकवर नाही.

जवळ यायला आयसीयू लागत नाही. मी कोथरूडला, धाकटा भाऊ धायरीला. गर्दी नसेल तर अर्ध्या तासाचा रस्ता. (गर्दी नसेल तर! पुण्यात हे वाक्य फक्त बोलण्यापुरतं असतं.) आम्ही आधीही जवळच होतो. भांडत होतो, पण जवळ होतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात, म्हणजे पुण्याजवळचं नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागांत, जीबीएसचे रुग्ण एकदम वाढले. गिया बारे सिंड्रोम. पुढच्या काही आठवड्यांत संशयितांचा आकडा दोनशेच्या वर गेला. रोज पेपरात छापून येणाऱ्या त्या आकड्यात एक माझा भाऊ होता. आधी पोट बिघडलं, ते बरंही झालं. मग तळपायांना मुंग्या यायला लागल्या. मग जिना चढवेना, मग हातातला पेला उचलवेना आणि शेवटी श्वासही घेता येईना. जंतूंशी लढायला उठलेली प्रतिकारशक्ती आपल्याच नसांवर उलटते आणि वायरवरचं प्लास्टिक सोलावं तसं नसांवरचं आवरण सोलून काढते. डॉक्टरांनी आम्हाला असंच समजावलं. माणूस पूर्ण शुद्धीवर असतो, सगळं ऐकत असतो, फक्त बोट हलवता येत नाही. व्हेंटिलेटरवरच्या भावाच्या डोळ्यांकडे बघणं काय असतं ते मी लिहिणार नाही.

त्या वेळी अनेक रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जिवाणू सापडला होता आणि पाण्यावर बोट ठेवलं गेलं. आमच्या घरात नेमकं कशामुळे झालं हे कुणी छातीठोकपणे सांगू शकलं नाही. पण वहिनी आजही पाणी उकळून, गाळून, झाकून ठेवते. सोसायटीच्या मीटिंगला पाण्याचा विषय निघाला की ती शेवटपर्यंत बसते आणि टाकी कधी धुतली, क्लोरीन कोण तपासतं, हे विचारून सगळ्यांना वैताग आणते. परवा एक काका तिला म्हणाले, "अहो, नवरा बरा झाला ना तुमचा, आता देवाचे आभार माना आणि सोडून द्या." मला हेच कळत नाही. आभार मानले की तोंड बंद करायचं, असं कुणी ठरवलं? ती देवापुढे हात जोडते आणि टाकीबद्दलही विचारते. दोन्ही करते आणि दोन्ही बरोबरच आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे की या वर्षाचे मी आभार मानणार नाही. वर्ष वाईट होतं. त्यात चांगलं वागले ती माणसं, आणि आभार त्यांच्याच खात्यावर जमा व्हायला हवेत. 'परिस्थितीने खूप काही शिकवलं' म्हटलं की रात्री दोन वाजता कूस बदलायला येणाऱ्या वॉर्डातल्या मावशींचं श्रेय आपण परिस्थितीला देऊन टाकतो. ते मला पटत नाही.

तर आता डबे. भाऊ दवाखान्यात होता तेव्हा बिल्डिंगमधून रोज कुणी ना कुणी जेवण पाठवायचं. आमटी-भात, भाकरी-पिठलं, मुलांसाठी शिरा. डबा रिकामा परत करायचा नाही ही आपली पद्धत, आणि त्या दिवसांत भरून परत करायला घरात कुणी नव्हतंच. त्यामुळे डबे साठत गेले. वहिनीने ते घासून माळ्यावर ठेवले होते. वसुबारसेला खाली काढले तर अख्खा ओटा भरला. स्टीलच्या डब्यांवर आपल्याकडे नावं घातलेली असतात ते किती सोयीचं आहे बघा. कुणाचं आडनाव, कुणाच्या सासूबाईंचं नाव, एकावर नुसतं 'सौ. कां. हिस आईकडून' आणि तारीख १९७८ ची. तो कुणाचा हे शोधायला वहिनी तीन मजले फिरली. शेवटी कळलं, तो डबा ज्यांचा त्यांच्याशी पार्किंगवरून आमच्या भावाचं वर्षभर बोलणं बंद होतं. आमसुलाचं सार त्यांच्याकडून यायचं.

सगळे डबे फराळ भरून परत गेले. घरच्यांना आणि शेजाऱ्यांना 'थँक्यू' म्हणायची आपल्याला सवय नाही, म्हटलं तर समोरचा अवघडतो. चिवडा दिला की कुणी अवघडत नाही.

आणि करंज्या. आयुष्यात कधी स्वयंपाकघरात न फिरकलेला आमचा हिरो या वर्षी म्हणाला, "ताई, करंज्यांना मुरड मी घालतो." फिजिओथेरपिस्टने बोटांचे व्यायाम सांगितलेत, अंगठा आणि तर्जनीची चिमूट अजून नीट जमत नाही. शर्टाचं वरचं बटण लावायला त्याला आजही वेळ लागतो. बसला पाट घेऊन. पारीवर सारण ठेवायचं, कड मिटायची आणि बारीक बारीक मुरड घालत जायचं. एक करंजी करायला इतका वेळ की बाकीच्या पाऱ्या सुकायला लागल्या. आईने त्यांच्यावर ओला रुमाल टाकला आणि काही बोलली नाही, जे आईच्या बाबतीत विक्रमी आहे. त्याच्या पहिल्या घाण्यातल्या निम्म्या करंज्या तेलात फुटल्या, सारण बाहेर आलं, खोबरं करपलं, तेल गाळून घ्यावं लागलं. भाची म्हणाली, "बाबा, तू फेल." तो इतका हसला की त्याला दम लागला. शेवटच्या घाण्यातली एकही फुटली नाही.

अजून एक ऋण आहे, आणि त्या डब्यांवर नावं नाहीत. जीबीएसवर जे इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे रक्तातली प्रतिपिंडं, शिरेतून देतात, त्याचा डोस वजनाच्या दर किलोला साधारण दोन ग्रॅम, काही दिवसांत विभागून. सत्तर किलोच्या माणसाला १४० ग्रॅम. ते कारखान्यात रसायनं मिसळून तयार होत नाही, माणसांच्या प्लाझ्मातून, म्हणजे रक्तातल्या द्रव भागातून, वेगळं काढतात आणि एका खेपेसाठी हजारो दात्यांचा प्लाझ्मा एकत्र करावा लागतो. आपल्याकडे रक्तपेढ्यांमध्ये उरलेला प्लाझ्माही यासाठी पाठवला जातो. तेव्हा आम्हाला फक्त त्या बाटल्यांची किंमत दिसत होती, आणि ती पाहून भोवळ येत होती. कुणीतरी कॉलेजच्या शिबिरात बिस्किटाच्या पुड्यासाठी हात पुढे केला असेल, कुणी वाढदिवस म्हणून दिलं असेल. त्यांना फराळ कुठे पाठवायचा?

म्हणून या रविवारी मी रक्त द्यायला जातेय. दिवाळीत कॉलेजं बंद, शिबिरं बंद, त्यामुळे दर वर्षी या दिवसांत रक्ताचा तुटवडा असतो. वय १८ ते ६५, वजन ४५ किलोच्या वर, हिमोग्लोबिन साडेबाराच्या वर आणि आधी रक्त दिलं असेल तर पुरुषांना तीन आणि बायकांना चार महिने झालेले हवेत. उपाशीपोटी येऊ नका. कोथरूडहून सकाळी दहाला निघतेय, गाडीत तीन जागा आहेत. कुणाला यायचं असेल तर मेसेज करा. परत येताना करंज्या मिळतील, न फुटलेल्या.