उन्हाळ्यात जनावर वैरण का टाकते?

उन्हाळा लागला की पशुपालकांमध्ये एक संदेश फिरू लागतो. त्याचा आशय असा : भूक पोटात लागते, उन्हाने जनावराचे पोट मंदावते, म्हणून ते वैरण टाकते, पाचक चूर्ण देऊन त्याचे खाणे पूर्ववत करावे, थंडीत मात्र सगळेच प्राणी जास्त खातात. हा समज गाईला त्रासदायक ठरणारा असल्याने त्याचे उत्तर सविस्तर द्यायला हवे.

पहिला मुद्दा भुकेच्या ठिकाणाचा. १९५१ मध्ये बालकृष्ण आनंद हे भारतीय शरीरक्रियाशास्त्रज्ञ आणि जॉन ब्रोबेक यांनी उंदरांच्या मेंदूतील हायपोथॅलॅमसचा दोन्ही बाजूंचा एक लहानसा भाग निकामी केला, तेव्हा पोट शाबूत असूनही त्या उंदरांनी खाणे थांबवले. पोट, आतडी आणि चरबी मेंदूला खबर देत असतात, परंतु खायचे की थांबायचे हे मेंदू ठरवतो.

उन्हाने पोट मंदावते हे अगदीच खोटे नाही, कारण उष्णतेच्या ताणात रवंथ खरोखरच कमी होते. चूक आहे ती त्यालाच मूळ कारण मानण्यात. स्वीडनमधील अँडरसन आणि लार्सन यांनी १९६१ मध्ये बकऱ्यांच्या हायपोथॅलॅमसच्या पुढील भागाचे तापमान बदलून पाहिले. तो भाग थंड करताच पोट भरलेली बकरी पुन्हा खाऊ लागली, आणि तापवताच भुकेली बकरी खाणे सोडून पाणी पिऊ लागली. उंदरांवरील १९६८ च्या प्रयोगात मात्र नेमके उलट घडले, त्यामुळे मेंदूत भुकेची एकच कळ आहे असे मानणेही घाईचे ठरेल. गाईच्या बाबतीत हिशेब अधिक स्पष्ट आहे : कोटीपोटात, म्हणजे पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात, चारा आंबताना बरीच उष्णता निर्माण होते, आणि ती बाहेर टाकणे कठीण झाले की कमी खाणे हाच शरीर तापू न देण्याचा मार्ग उरतो. होल्स्टीनसारख्या थंड प्रदेशातील जातीचे खाणे साधारण २५-२६ अंश सेल्सिअसच्या पुढेच घटू लागते.

थंडीचे विधान उष्ण रक्ताच्या प्राण्यांपुरते बरेचसे खरे आहे. रोहू किंवा साप यांच्या शरीराचे तापमान परिसराबरोबर उतरते, पचन मंदावते आणि त्यांचे खाणे उलट कमी होते.

राहिला चूर्णाचा प्रश्न. गाईची भूक मेंदूने तिच्या रक्षणासाठी आवरलेली असताना तिला अधिक खाऊ घालण्याचा खटाटोप म्हणजे तापलेल्या शरीरात आणखी उष्णता भरणे होय. शिवाय दूध केवळ कमी खाण्यामुळे आटत नाही : उन्हातील गाईइतकाच मोजून चारा थंड जागेतील गाईंना दिला असता, दुधातील घटीचा निम्मा किंवा त्याहूनही कमी भागच त्यातून स्पष्ट झाला. म्हणून आधी सावली, हवा खेळता गोठा, अंगावर पाण्याचा फवारा, भरपूर गार पाणी, आणि वैरण पहाटे व रात्री. एवढे करूनही गाय खात नसेल, किंवा तिला ताप असेल, तर पशुवैद्यकाला बोलवावे.