फोनवर यंत्र नव्हतं, बाई होती

आज सकाळी एका मित्रानं स्वतः लिहिलेली एक थिअरी पाठवली आणि खाली लिहिलं, 'वाच, डोकं फिरेल.' फिरलं. त्याला वाटलं होतं तसं नाही, पण फिरलं.

थिअरी 'आय लव्ह बीज'बद्दल. २००४ चा एआरजी, म्हणजे वेबसाइट, फोन, ईमेल यांतून खऱ्या जगात उलगडणारा, खेळाडूंनी मिळून सोडवायचा गोष्टीचा खेळ. 'हेलो २' हा व्हिडिओ गेम येण्याआधी खेळवलेला. इथल्या बहुतेकांना पाठ आहे. २६व्या शतकातल्या युद्धनौकेवरची मेलिसा नावाची एआय काळात मागे फेकली जाते आणि मधमाश्यांच्या एका साध्यासुध्या वेबसाइटवर अडकून पडते. साइटवर अक्षांश-रेखांश आणि वेळा उमटतात, लोक त्या त्या जागच्या सार्वजनिक फोनपाशी जाऊन थांबतात, फोन वाजतो. आता या महाशयांचं म्हणणं असं, की फोनवर लोकांशी थेट बोलणारी मेलिसा खरोखरच यंत्र होती. कुठल्याशा गुप्त प्रयोगशाळेत बनवलेलं, आणि अख्खा खेळ म्हणजे त्याची चाचणी. पुरावा? 'इतक्या पटकन, इतकं नेमकं माणूस बोलूच शकत नाही.'

का नाही बोलू शकत? नाटकात समोरचा वाक्य विसरला तर सावरून घेणारी माणसं कधी पाहिलीच नाहीत का? जवळजवळ सगळ्या फोनवर आधी मुद्रित केलेला आवाज होता आणि थेट बोलणं झालं तेव्हा पलीकडे अभिनेत्री होती. समोरचा काय विचारेल याचा पत्ता नसताना ती बाई भूमिका न सोडता बोलत राहिली. खेळ करणाऱ्यांनी हे केव्हाच सांगून झालंय. तरी यांना यंत्रच हवं.

माझा हा राग जुना आहे, कारण अशीच एक थिअरी माझ्या एका मेलमधून जन्माला आली होती. कॉलेजच्या दिवसांत मी एका हौशी टोळीनं चालवलेल्या एआरजीत पार बुडाले होते. प्रयोगशाळेत कोंडला गेलेला एक संशोधक, त्याच्याशी संपर्क फक्त ईमेलनं. एका रात्री मी त्याला कोड्याचं उत्तर पाठवलं आणि शेवटी उगाच लिहिलं, 'झोप येत नाहीये.' थोड्या वेळात उत्तर आलं, 'मलाही नाही. इथले दिवे कधीच मालवत नाहीत.'

झालं! मी ते बाकीच्यांना दाखवलं आणि बघता बघता 'जागरण यंत्र' तयार. दिव्यांतून लहरी सोडून माणसाची झोप काढून घेणारं तंत्रज्ञान, ते बनवणारी कंपनी, तिच्या लोगोच्या रेघांत म्हणे त्या लहरींची वारंवारता. लोकांनी आकृत्या काढल्या हो! खेळ संपल्यावर करणाऱ्यांनी प्रश्नोत्तरं ठेवली. तेव्हा त्यातल्या एकानं सांगितलं की दिव्यांचं काहीच ठरलेलं नव्हतं. तो स्वतः जागा होता, मेल आली, सुचलं ते लिहिलं. कुणी विश्वास ठेवला नाही. 'तू असंच म्हणणार' म्हणाले. ज्यानं लिहिलं त्यालाच!

सूत्रधारांच्या नशिबी हे पहिल्यापासून आहे. २००१ चा 'द बीस्ट' आठवा. मायक्रोसॉफ्टमधल्या माणसांनी एका सिनेमाच्या जाहिरातीसाठी रचला. कामाच्या पहिल्या यादीत ६६६ फाइल्स निघाल्या, म्हणून हे नाव. महिनोन्महिने पुरतील म्हणून रचलेली कोडी खेळाडूंनी जमून पहिल्याच दिवशी फोडली. क्लाउडमेकर्स म्हणतात ते हेच, पुढे हजारोंच्या घरात गेले. मग काय, सूत्रधारांची पळता भुई थोडी! लोक काय बोलतायत ते वाचायचं आणि पुढचा भाग लिहायचा, परत वाचायचं, परत लिहायचं. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं खेळ आपोआप बदलतोय, आणि आपोआप म्हटलं की यंत्र आलंच.

मला थिअऱ्यांचं वावडं नाही, उगाच तसं पसरवू नका. नाइन इंच नेल्स या रॉक बँडचा २००७ चा 'इयर झीरो' घ्या, त्याच नावाच्या अल्बमभोवती रचलेला एआरजी. लिस्बनच्या कॉन्सर्टमध्ये टॉयलेटात सापडलेला यूएसबी ड्राइव्ह, गाण्याच्या खरखरीचा स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे आवाजाचं चित्र, काढला की दिसणारा आकाशातून खाली येणारा हात. गोष्टीत सरकार पाण्यातून पॅरेपिन नावाचं औषध पाजतंय. मग आकाशातला तो हात खरा, की औषधामुळे होणारा भास? यावर मी रात्र-रात्र भांडलेय आणि आजही भांडेन. कारण त्या थिअरीचा धागा गोष्टीतच आहे. तिथे डोकं चालवावं लागतं. 'सगळ्यामागे एक गुप्त मशीन आहे' म्हणायला काय लागतं? मशीन म्हटलं की प्रश्नच संपले. कुणी लिहिलं, का लिहिलं, कुठे चुकलं, चुकल्यावर कसं सावरलं, काही विचारायलाच नको.

बरं, फोन घेऊन खऱ्या जागी फिरत खेळायच्या 'इन्ग्रेस' गेमचं उदाहरण कुणीतरी तोंडावर मारणारच, म्हणून आधीच मान्य करते. तिथे 'खेळ आपल्याकडून काहीतरी काढून घेतोय' म्हणणारे अगदीच वेडे नव्हते. सर्न प्रयोगशाळेत सापडलेली एक्झॉटिक मॅटर नावाची गूढ ऊर्जा, तिच्यामागचे शेपर्स नावाचे अज्ञात जीव, ही झाली गोष्ट. पण खेळाडूंनी सुचवलेल्या खऱ्या जागांची पोर्टल्स, म्हणजे खेळात काबीज करायची ठिकाणं, झाली, त्यांतूनच २०१६ मध्ये पोकेमॉन गोचे थांबे झाले, आणि २०२४ मध्ये हे दोन्ही गेम बनवणाऱ्या नायँटिक कंपनीनं स्वतःच सांगितलं की खेळाडूंनी केलेल्या स्कॅन्समधून जगाचं एआय मॉडेल बनवतोय. ठीक. पण तिथेही जागा शोधत पायपीट केली ती माणसांनीच ना?

इतकं लिहिल्यावर जरा शांत झालेय. थिअरी पाठवणारा मुलगा चांगला आहे, आमच्यापेक्षा बराच लहान. हे खेळ झाले तेव्हा तो तिथे नव्हता. त्याच्या हाती आल्या त्या जुन्या नोंदी आणि मेलेल्या लिंका. वाजणारा फोन उचलताना पोटात पडणारा खड्डा त्याला कुठून मिळणार? मग तो यंत्र शोधतो, कारण यंत्र असेल तर ते अजून कुठेतरी चालू असेल आणि आपल्यालाही उत्तर देईल. हे मला कळतं. माझ्या त्या मेलला उत्तर आलं तेव्हा मलाही वाटलं होतं, कुणीतरी मला पाहतंय. आणि खरंच पाहत होतं! झोप उडालेलं, उद्याचं कोडं अर्धवट राहिलेलं, माझ्याच वयाचं कुणीतरी. लहरी सोडणाऱ्या दिव्यांपेक्षा मला तो मुलगा कितीतरी जास्त अद्भुत वाटतो. आकृत्या काढणाऱ्यांपैकी कितींना त्याचं नाव माहीत होतं, विचारा.

आणि इथे माझा पारा परत चढतो. 'द बीस्ट' सुरू कसा झाला? सिनेमाच्या पोस्टर-ट्रेलरवरच्या श्रेयनामावलीत लोकांना 'जनीन साला, सेन्शंट मशीन थेरपिस्ट' असं विचित्र पद दिसलं आणि ते त्या नावामागे लागले. म्हणजे श्रेयनामावलीतलं खोटं नाव शोधण्यापासून ज्या छंदाची सुरुवात झाली, त्या छंदातली माणसं खरी नावं वाचत नाहीत!

तर बाळा, 'भाग २ लवकरच' अशी धमकी दिली आहेस ना? जरूर लिही. फक्त त्याआधी मेलिसाला आवाज देणाऱ्या बाईंचं नाव शोध आणि पहिल्या ओळीत टाक. मग खुशाल सांग ती यंत्र होती म्हणून.