आयसीचे नंबर नंतर, आधी कनेक्टर

नमस्कार. तुमचं म्हणणं असं की जुन्या बाजारातून आणलेला संगणकाचा बोर्ड कुठला हे ओळखायला त्याच्या कनेक्टरच्या (कडेच्या जोडणीच्या) धातूच्या पट्ट्या मोजत बसणं हा वेळेचा अपव्यय आहे. आयसीचे (चिपांचे) नंबर नेटवर शोधावेत, १६ पिनांच्या कुठल्याही आयसीला ८ वर ग्राउंड आणि १६ वर ५ व्होल्ट देऊन पाहावं. हा दुसरा सल्ला कृपया कोणी पाळू नका.

४११६ ही जुन्या बोर्डांवर सर्रास आढळणारी रॅम (मेमरी चिप) १६ पिनांचीच, पण तिचं ग्राउंड १६ वर असतं. ८ वर +१२ व्होल्ट, ९ वर +५, १ वर -५. तुमच्या पद्धतीने अख्ख्या बोर्डाला उलटा पुरवठा जाईल. शिवाय -५ नसताना +१२ मिळालं तरी ही रॅम मरते.

नंबरांचंही तसंच. ७४ मालिकेचे (नंबर ७४ ने सुरू होणारे) लॉजिक आयसी असंख्य बोर्डांवर असतात. त्यात '७४३२' हे ऑर गेट असू शकतं, नाहीतर १९७४ च्या ३२व्या आठवड्याचा तारखेचा कोड. '९४व्ही-०' हा तर नुसता आगरोधकतेचा दर्जा. त्याच्याजवळचा 'ई'ने सुरू होणारा नंबर कोरी पाटी बनवणाऱ्याचा, संगणक कंपनीचा नव्हे. खरी माहिती ईप्रॉमवरच्या (प्रोग्राम साठवणाऱ्या, अतिनील प्रकाशाने पुसल्या जाणाऱ्या चिपवरच्या) स्टिकरवर मिळते. तो काढू नका, चिपच्या काचेच्या खिडकीवर उजेड पडता कामा नये.

कनेक्टर मात्र फारसा फसवत नाही. पहिल्या पट्टीच्या मध्यापासून अकरावीच्या मध्यापर्यंत व्हर्निअरने मोजा. २५.४ मिमी आणि एका बाजूला ३१ पट्ट्या असतील तर बहुधा ८ बिट आयएसए, म्हणजे जुन्या पीसीच्या स्लॉटमध्ये बसणारं कार्ड. मग सोल्डरच्या बाजूने, मागच्या पत्र्याकडून पहिली, दहावी आणि एकतिसावी पट्टी एखाद्या १४ पिनी ७४०० च्या ७ नंबर पिनेशी (ग्राउंड) मल्टिमीटरवर बीप देते का बघा. तिसरी १४ नंबरशी (+५ व्होल्ट).

३१.७५ मिमी आणि दोन्ही बाजूंना ५०-५० पट्ट्या म्हणजे एस-१००, हा जुन्या संगणकांचा १०० पट्ट्यांचा कनेक्टर. तिथे १ आणि ५१ वर साधारण ८ व्होल्ट येतात, त्यामुळे बोर्डावरच हीटसिंकसह ७८०५ (५ व्होल्ट देणारा रेग्युलेटर) दिसतो. तिथे ५ व्होल्ट दिलेत तर ७८०५ मधून जेमतेम साडेतीन बाहेर पडतील आणि चांगला बोर्ड मेलेला वाटेल.

पुरवठा जोडण्याआधी प्रत्येक व्होल्टेज लाइन आणि ग्राउंडमधला रोध मोजा. एक-दोन ओहम आला, म्हणजे कुठेतरी शॉर्ट असेल, तर आधी टँटलम कपॅसिटर तपासा, एक पाय सोडवून.

तुमच्या बोर्डाच्या पट्ट्यांची संख्या, वरचं माप आणि दोन्ही बाजूंचे फोटो पाठवा, पाहून सांगतो.