दहा रात्रींच्या भजनाबद्दल : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार ताई,

आई गेल्यावर गावच्या भजनी मंडळानं आमच्या ओसरीवर दहा रात्री भजन केलं, त्यावरचा माझा लेख तुम्हाला खटकला. तुम्ही लिहिलंत, की दुःख ज्याचं त्यानं एकट्यानं सोसायचं असतं, टाळ कुटून त्याचा सोहळा करायचा नसतो. तुमचे वडील गेले तेव्हा तुम्हाला घटकाभरही एकटीला रडता आलं नाही, तुम्ही तीस माणसांचा चहा करत होतात. आणि गेलेल्या माणसावर ओव्या रचणं ही तुम्हाला वाहवा मिळवायची हौस वाटते.

चहाचं आधी सांगतो, कारण तिथं चूक माझी आहे. दहाही रात्री आमची वहिनी चुलीपाशी होती. आईचं शेवटचं सगळं तिनंच केलं होतं, पण ती एकदाही ओसरीवर येऊन बसली नाही आणि हे माझ्या ध्यानातच आलं नाही. वर्षश्राद्धाला मंडळाच्या चहाची किटली शेजारून आली. ती पहिल्या रात्रीपासूनच यायला हवी होती.

पण सोहळा हा शब्द मला मान्य नाही. चौथ्या रात्री काय झालं ते लेखात दोन ओळींत उरकलं होतं, इथं नीट सांगतो. बाबा चार दिवस कुणाशी बोलले नव्हते. त्या रात्री त्यांनी आपले टाळ मागितले आणि एक अभंग धरला. दुसऱ्या चरणाला त्यांचा आवाज फुटला. कुणी थांबलं नाही, कुणी पाठीवर हात ठेवला नाही. टाळकऱ्यांनी धृपद उचललं आणि तेच म्हणत राहिले. पखवाज हळू झाला. बाबा मान खाली घालून रडत होते आणि धृपद चालूच होतं, पाच मिनिटं असेल, जास्तही असेल. मग त्यांनी मान वर केली आणि राहिलेला चरण घेतला. एकट्यानं म्हणताना गळा दाटला की गाणं तिथंच तुटतं. चारचौघांत ते दुसरं कुणीतरी धरून ठेवतं, आणि आपण सावरलो की पुन्हा आपल्या हाती देतं. भजनाचं मोल मला त्या रात्री कळलं.

आपल्याकडे हे जुनं आहे. ज्ञानेश्वरांनी १२९६ साली आळंदीला समाधी घेतली, त्यावरचे नामदेवांचे अभंग पुन्हा काढून बघा. निवृत्तिनाथ तिथं थोरला भाऊ म्हणून रडतात. भरल्या तळ्याचा पाट फुटला, पेंढीचा आळा सुटून गवत रानोमाळ पांगलं, असं बोलतात. नाथपंथी गुरू, आणि त्यांचं हे असं उघडं रडणं! दर कार्तिक वद्य त्रयोदशीला आळंदीत समाधीचं कीर्तन होतं, तेव्हा आजही बायाबापड्या डोळ्यांना पदर लावतात. त्या रडण्यात कितीजणांची आपापली माणसं असतील!

ओव्यांबद्दल. जात्यावरची ओवी कुणी पहिल्यांदा म्हटली हे बहुतेकदा सांगताच येत नाही, मग वाहवा कुणाची करणार? हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगाव फिरून गोळा करायला सुरुवात केलेल्या ओव्या लाखावर गेल्या. त्या वाचताना दिसतं, की पहिली ओळ पुष्कळदा सगळ्यांची असते आणि दुसऱ्या ओळीत बाई आपलं माणूस आणून बसवते. माझ्या मावशीनं नवव्या रात्री तेच केलं. आईला ती आक्का म्हणायची.

पहाटेच्या पारी बाई, हाक कुणाची येईना
आक्का गेली माझी बाई, खुंटा जात्याचा हलेना

आमचं जातं कितीतरी वर्षं परसात पालथं पडलंय. तरी सगळ्याजणींनी ती ओळ तीनदा म्हटली, आणि मग शेजारची एकजण तिच्या सासूचं नाव घालून पुढची म्हणाली. मावशीला वाहवा नको होती. दुसऱ्या कुणीतरी ‘आक्का गेली’ म्हणायला हवं होतं, ते म्हटलं गेलं.

एकटं राहण्याचं तुम्ही म्हणता, तेही खरं आहे. माझा भाऊ दहाही रात्री गोठ्यात जाऊन बसायचा. त्याला कुणी बोलावलं नाही आणि नंतर कुणी बोलही लावला नाही. तुम्हाला तसा कोपरा मिळाला नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

वहिनीबद्दलचा मजकूर मूळ लेखात आज घातला आहे. भावाविषयी इथं लिहिलं ते त्याला विचारून. लेखात नको म्हणाला, म्हणून तिथं घातलेलं नाही.