घाई पायऱ्यांत चालेल, घरी सोडण्यात नको

'मेथाकोलिन चाचणीत पायऱ्या कमी केल्या की रुग्णाला धोका' हे तुमच्या या चाचणीवरच्या लेखातलं वाक्य अजिबात पटलं नाही. दम्याची शंका असलेल्या रुग्णाला श्वासनळ्या आकसवणारं मेथाकोलिन श्वासातून वाढत्या मात्रेत देतात, त्यातली एकेक मात्रा म्हणजे एक पायरी. पहिली मात्रा अगदी कमी ठेवली आणि सुरुवातीची स्पायरोमेट्री (फुंकून हवा मोजायची तपासणी) चांगली असली, तर मात्रा दुपटीऐवजी चौपटीने वाढवता येते. 2017 च्या युरोपियन मार्गदर्शक सूचनांतही दोन्ही पद्धती आहेत. पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा 20 टक्के घटली की थांबायचं आणि श्वासनळ्या मोकळ्या करणारं सालब्युटामॉल द्यायचं, हा नियम दोन्हीकडे तोच.

मी नागपुरात धंतोलीतल्या एका लॅबमध्ये हीच चाचणी करते. प्रत्येक मात्रेनंतर पुन्हा पुन्हा जीव खाऊन फुंकायचं असतं. परवा कोराडीच्या एक काकू शेवटी इतक्या दमल्या की फुंक अर्ध्यातच सोडू लागल्या. मग आकडा औषधाने घसरला की थकव्याने, सांगा कसं ओळखायचं? लांबलेली चाचणी अशी फसते. खरी काळजी घ्यायची ती नंतर. भंडाऱ्याची बस चुकेल म्हणून पेशंट उठायला बघतात, पण आकडा मूळ पातळीजवळ येईपर्यंत मी कुणालाही खुर्चीवरून उठू देत नाही. लेखात याबद्दल एक ओळही नाही.